राखलेले रान

निसर्ग आणि मनुष्य ही दोन पदे आपण इतक्या सहजतेने परस्परांविरुद्ध उभी करतो की, त्यांच्यामधील रेघ कोणी आखली याचा विचार करण्याची गरज आपणांस क्वचितच भासते. जेथे मनुष्याचा हात पोहोचला नाही तो निसर्ग, आणि जेथे तो पोहोचला तेथे निसर्ग संपला, अशी एक सोयीची व्याख्या आपण मनाशी बाळगून असतो. ही व्याख्या प्रमाण मानली तर ‘राखीव रान’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघात ठरेल. जे राखले ते रान कसे? आणि ते खरोखरीच रान असेल तर त्यास राखणारा कशाला हवा? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु मनुष्येतर जीवसृष्टीसंबंधी आपले कर्तव्य काय, तिच्यापासून दूर राहणे की तिची सेवा करणे, हा नीतीचा प्रश्न याच शब्दांच्या पोटात दडलेला आहे. आणि त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वाच्या पातळीवर केला तर तो लवकरच हवेत विरून जातो. यास्तव आम्ही तो एका ठरावीक भूभागाच्या आधारे करू इच्छितो. इंग्लंडच्या पूर्व अंगास, उत्तर समुद्रात छाती काढून उभा असलेला नॉरफोक हा परगणा आहे. तेथे उत्तुंग पर्वत नाहीत, निबिड अरण्ये नाहीत. हिंस्र श्वापदांची तर गोष्टच सोडा. किनाऱ्यालगत खाऱ्या-गोड्या पाण्याच्या दलदली, पूर्वेकडे ‘ब्रॉड्स’ या नावाने ओळखली जाणारी उथळ तळी व त्यांच्याभोवती बोरूची बने, आणि नैऋत्येस वालुकामय माळराने, एवढेच तेथील वैभव. या परगण्यात आज लहानमोठी कितीतरी राखीव स्थळे आहेत. काहींची मालकी लोकांनी स्थापन केलेल्या न्यासाकडे आहे, तर काही स्थळे नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांकडे आहेत. कारण १९४९ च्या एका कायद्याने ब्रिटनमधील स्थानिक संस्थांनाही आपल्या हद्दीतील भूमी निसर्गासाठी राखीव म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. आमच्या प्रश्नास हा परगणा विशेष उपयुक्त आहे, तो त्याच्या भव्यतेमुळे नव्हे. तेथील प्रत्येक राखीव स्थळाच्या मागे मनुष्याचा हात उघड दिसतो, म्हणूनच तो उपयुक्त आहे.

नॉर्विच शहरी सिडनी लाँग नावाचे एक डॉक्टर होते. क्ले या किनाऱ्यावरील गावानजीकची चारशे एकरांहून थोडी अधिक दलदल १९२६ मध्ये लिलावात निघाली, तेव्हा लाँग यांनी ती विकत घेतली आणि ती पक्ष्यांच्या विणीसाठी कायमची राखली जावी म्हणून त्याच वर्षी ‘नॉरफोक नॅचरलिस्ट्स ट्रस्ट’ या न्यासाची स्थापना केली. एका परगण्यापुरता काम करणारा असा हा इंग्लंडातील पहिलाच न्यास होय. या उदाहरणाचे अनुकरण दुसऱ्या परगण्याने, म्हणजे यॉर्कशायरने, करावयास १९४६ साल उजाडले. वीस वर्षे ही कल्पना एकटीच चालत राहिली. आज असे चाळीसहून अधिक न्यास ब्रिटनभर आहेत. लाँग यांच्या कृतीतील मर्म भूमी विकत घेण्यात नाही. भूमी तर जमीनदारही विकत घेतात. ती अशा वारसांसाठी घेतली गेली की जे खरेदीखतावर सही करू शकत नाहीत, भाडे देऊ शकत नाहीत आणि ज्यांना आपण कोणाचे देणे लागतो याची जाणीवही असू शकत नाही. मर्म आहे ते येथे.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहू. ब्रॉड्सची तळी ही ईश्वरनिर्मित आहेत, नद्यांच्या व समुद्राच्या जुन्या लीलेचे ते अवशेष आहेत, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांतही होती. जॉयस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने १९५० नंतरच्या दशकात या तळ्यांच्या तळाशी व काठांशी जागोजाग छिद्रे पाडून माती तपासली. तळ्यांचे काठ पाण्याखाली भिंतीसारखे सरळ उतरतात, तळ सपाट आहे, आणि मध्ये मध्ये न खोदलेल्या मातीचे बांध तसेच उभे आहेत, असे तिला आढळले. भूगोल, इतिहास व पुरातत्त्व या शास्त्रांच्या अभ्यासकांची साथ तिला मिळाली आणि १९६० मध्ये त्यांचा संयुक्त प्रबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष निर्विवाद होता. ही तळी म्हणजे मध्ययुगातील खाणी होत. कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली पीट नावाची काळी माती जळणासाठी कापून काढताना शेकडो वर्षांत जे खड्डे पडले, त्यांत पुढे समुद्राची पातळी वाढल्यावर पाणी भरले. नॉर्विचच्या मठाच्या जमाखर्चात या जळणाच्या नोंदी आहेत, आणि त्या भागातील १२८७ च्या समुद्रपुराचे वर्णनही जुन्या बखरीत आहे. थंडीत चुली पेटत्या राहाव्यात एवढाच ज्यांचा हेतू होता त्या मजुरांच्या फावड्यांनी, त्यांच्या नकळत, पक्ष्यांची व पाणवनस्पतींची एक अलकानगरी खोदून ठेवली होती.

एवढ्यावरच हे थांबत नाही. या तळ्यांभोवतीच्या पाणथळ माळांवर ‘स्वॅलोटेल’ नावाचे एक पिवळे-काळे, शेपटीदार फुलपाखरू आढळते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून ज्यास मान दिला त्या ब्लू मॉर्मनचे ते सगोत्र. या फुलपाखराचा ब्रिटनमधील स्वतंत्र वाण आता केवळ नॉरफोकच्या ब्रॉड्समध्येच वीण करतो, कारण तेथील त्याची अळी ‘मिल्क पार्सली’ या एकाच वनस्पतीवर वाढते. ही वनस्पती वाढावी तर लव्हाळ्यांचे व बोरूचे माळ वेळोवेळी कापले गेले पाहिजेत. पूर्वी लोक ते कापीत असत ते घरे शाकारण्यासाठी आणि गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी. ही कापणी थांबली की काही वर्षांत तेथे वाळुंज आणि आल्डर यांची झुडपे उठतात, त्यांच्या मुळांशी पालापाचोळा साचतो, जमीन कोरडी होत जाते आणि पाणथळ माळाचे हळूहळू जंगल बनते. शेजारच्या केंब्रिजशायर परगण्यातील विकन फेन या जुन्या राखीव स्थळी हे फुलपाखरू १९५० नंतरच्या दशकात नष्ट झाले. पुढे ते पुन्हा आणून सोडण्याचे प्रयत्न झाले, पण ते तेथे टिकले नाही. नॉरफोकमध्ये ते अजून टिकून आहे याचे एक मोठे कारण असे की, तेथे पाण्यात उभे राहून विळा चालविणारी माणसे आहेत. त्यांना वेतन न्यास देतो. पुष्कळसे काम स्वयंसेवक विनावेतन करतात.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बळ नाही. कोणी म्हणेल, “मग हे रान कसले? हे तर उद्यान झाले. खड्डा मनुष्याने खोदला, गवत मनुष्य कापतो, पाण्याची पातळी मनुष्य झडपा लावून कमीजास्त करतो, आणि एवढे सगळे करून जे उरते त्यास तुम्ही निसर्ग म्हणता! वाळुंजाचे जंगल उठू पाहत होते, तोच तेथील खरा निसर्गक्रम होता. तो मोडून तुम्ही आपल्या आवडीचे एक चित्र काचेत मढवून ठेवले आहे. हे निसर्गप्रेम नसून स्मृतिप्रेम आहे. आणि त्या स्मृतीही मनुष्याच्याच आहेत, फुलपाखराच्या नव्हेत.”

या आक्षेपातील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. राखीव स्थळ म्हणजे आदिम सृष्टीचा अस्पर्शित तुकडा ही कल्पना नॉरफोकमध्ये तरी टिकत नाही. परंतु त्यावरून ते उद्यान ठरते हे मात्र आम्हांस मान्य नाही. उद्यानात माळी गुलाब लावतो म्हणून गुलाब असतो. तेथे जे आहे ते माळ्याच्या आज्ञेने आहे आणि पाहणाराच्या डोळ्यांसाठी आहे. राखलेल्या रानात आज्ञा चालत नाही. तेथे फक्त आवतण देता येते, आणि पाहुणा येईल की नाही हे पाहुण्याच्या हाती असते.

बगळ्याच्या कुळातील बिटर्न या पक्ष्याचे उदाहरण घ्या. बोरूच्या बनात मान ताठ उभारून हा पक्षी असा निश्चल राहतो की तो बोरूचाच एक दांडा वाटावा; विणीच्या काळातील नराचा हुंकार मात्र मैलभर ऐकू जातो. शिकारीमुळे आणि दलदली बुजविल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याची वीण बंद पडली होती. १९११ मध्ये नॉरफोकमध्येच एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंना आणि जिम व्हिन्सेंट या राखणदारास बोरूमध्ये बिटर्नचे पिल्लू सापडले आणि त्याचे पुनरागमन सिद्ध झाले. त्यास कोणी पिंजऱ्यातून आणून सोडले नव्हते. पुढेही त्याचे भाग्य सुरळीत चालले नाही. १९९७ मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये हुंकारणारे नर अवघे ११ उरले. मग बोरूच्या बनांतील साचलेला गाळ काढून, पाणी खोल करून, मासे वाढतील अशा चर खणून अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे काम झाले. आज हा आकडा दोनशेच्या वर गेला आहे. आपल्या शेकाट्याच्या कुळातील अ‍ॅव्होसेट हा पक्षी तर ब्रिटनमध्ये शंभर वर्षे वीण करीत नव्हता. महायुद्धात शत्रूस अडविण्यासाठी शेजारच्या सफोक परगण्यात किनाऱ्यावरील जमिनी मुद्दाम पाण्याखाली घातल्या गेल्या आणि १९४७ मध्ये हा पक्षी तेथे आपण होऊन उतरला. क्ले येथे तो १९७७ मध्ये वीण करू लागला. क्रौंच पक्षी इंग्लंडातून सुमारे चार शतकांपूर्वी नाहीसा झाला होता. १९७९ मध्ये त्यांतील काही पक्षी हिकलिंग तळ्याच्या परिसरात आले आणि राहिले. या तिन्ही आगमनांत मनुष्याने केले एवढेच की, जागा सिद्ध ठेवली, नाहीतर आल्यावर त्यांना उपद्रव होऊ दिला नाही. येण्याचा निर्णय पक्ष्यांचा. ज्याचा निर्णय आपला नसतो ते वन्य होय. मग त्याच्या पायांखालची माती कोणी का उपसलेली असेना.

तेव्हा मनुष्याचा हात लागला की नाही, हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. हात कशासाठी लागला, असे विचारावयास हवे. आमच्या भाषेने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. ‘राखणे’ या क्रियापदात मालकीचा गंध नाही. शेत राखणारा शेताचा धनी असेलच असे नाही; गुरे राखणारा तर बहुधा नसतोच. कोकणात आणि गोमंतकात गावाचा, झऱ्याचा, बांधाचा ‘राखणदार’ मानला जातो. तो देवतास्वरूप असला तरी त्याचा अधिकार भोगाचा नाही, पहाऱ्याचा आहे. हे आम्ही श्रद्धेची भलावण करण्यासाठी सांगत नाही. मालक आणि परका यांच्या मध्ये एक तिसरे नाते असू शकते, आणि ते आमच्या लोकव्यवहारास पूर्वीपासून ठाऊक आहे, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

गोमंतकीय वाचकांस तर ब्रॉड्सची कथा परकी वाटू नये. मांडवी-जुवारीच्या काठची खाजने हीही मनुष्याने घडविलेलीच भूमी आहे. भरतीच्या पाण्यास बांध घालून, मानशीच्या झडपांतून खारे पाणी हवे तेव्हा घेऊन व नको तेव्हा अडवून, गावकऱ्यांनी तेथे भात पिकविले, मासे राखले, आणि त्याच चिखलात असंख्य पाणपक्ष्यांची सोय झाली. बांधाची डागडुजी थांबली की खाजन ‘निसर्गाकडे परत’ जाते असे कोणी म्हणेल, पण गाव मात्र म्हणतो की ते बुडाले. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. यांतील कोणते बोलावे हे आपण कोणाचा विचार करतो यावर अवलंबून आहे.

येथवर राखण्याची गोड बाजू झाली. आता कडू बाजूकडे वळले पाहिजे, कारण ती टाळून केलेला नीतिविचार हा केवळ स्तुतिपाठ होय.

आम्ही मराठीत अशा स्थळांस ‘अभयारण्य’ म्हणतो. शब्द सुंदर आहे आणि जुन्या परंपरेतला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनातील पशुपक्ष्यांस मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. पण अभय कोणाला? १९२९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कोयपू नावाचा, मोठ्या घुशीसारखा दिसणारा एक पाणप्राणी लोकरीच्या धंद्यासाठी इंग्लंडात आणला गेला. पिंजऱ्यांतून काही जनावरे निसटली आणि नॉरफोकच्या तळ्यांत त्यांना आपले मायघर सापडले. ती बोरूची बने खात सुटली, काठ पोखरू लागली, आणि त्यांची संख्या अफाट वाढली. अखेर १९८१ मध्ये त्यांच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली व १९८९ मध्ये ती पूर्ण झाली. पिंजरे लावून, पकडून, एकेक करून सारे कोयपू मारले गेले. म्हणजे बिटर्नला अभय मिळाले आणि कोयपूला मृत्यू. आणि गुन्हा म्हणाल तर कोयपूचा काहीच नव्हता. त्याला समुद्रापार आणणारा लोभ मनुष्याचा होता.

कोणी म्हणेल, तो परदेशी होता. हे समर्थन टिकत नाही. त्याच परगण्याच्या माळरानांवर ससे आहेत. तेही मध्ययुगात मांसासाठी व कातड्यासाठी बाहेरूनच इंग्लंडात आणलेले. त्यांनी गवत कुरतडून ते इतके आखूड ठेवले की, आपल्या करवानकाचा भाऊबंद असलेला तेथील पक्षी त्या उघड्या भूमीवर घरटे करू लागला. १९५३ मध्ये सशांची साथ ब्रिटनमध्ये पोहोचली आणि ससे मेले, तेव्हा गवत माजले व त्या पक्ष्याची भूमी आक्रसली. आज वीटिंग हीथ या राखीव माळावर कुंपण घालून ससे मुद्दाम राखले जातात. एक परदेशी मारला गेला, दुसरा परदेशी जोपासला गेला. तेव्हा निकष जन्मभूमीचा नव्हता, परिणामाचा होता.

आमच्या परंपरेत काव्याचा जन्मच क्रौंचवधाच्या शोकातून झाला असे मानतात. वाल्मीकीने निषादास शाप दिला. पण निषादाच्या बाजूने विचार केला तर तोही पोटासाठीच मारीत होता. कोयपूंना मारणारे पोटासाठी मारीत नव्हते. इतर जीवांसाठी व शेतांच्या बांधांसाठी मारीत होते. त्यांना शाप द्यावा की आशीर्वाद? आम्हांस वाटते, दोन्ही देऊ नयेत. ही हत्या टाळली असती तर बोरूबरोबर त्यातील शेकडो जीव गेले असते, आणि तो दोषही आणणाऱ्याच्या वंशजांकडेच आला असता. केलेल्या अनर्थाची जबाबदारी स्वीकारणे म्हणजे कधी कधी हात मळवून घेणे होय. पण मळलेल्या हातास शुद्ध म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. अहिंसेचे व्रत ज्याला अशा प्रसंगी पाळता येत नाही, त्याने निदान हिंसेस हिंसा म्हणण्याचे सत्यव्रत तरी सोडू नये. ‘नियंत्रण’ आणि ‘व्यवस्थापन’ हे शब्द सोयीचे आहेत. मात्र त्यांच्या सावलीत मन निबर होते.

दुसरी कडू गोष्ट मनुष्यांसंबंधीची. नॉर्विच शहराला लागून माउसहोल्ड हीथ नावाचे एक माळरान आहे. आज ते नगराचे राखीव निसर्गस्थळ आहे. १५४९ मध्ये रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी येथेच तळ ठोकला होता. गावाच्या सामाईक कुरणांना जमीनदार कुंपणे घालीत होते, त्याविरुद्ध ते उठले होते. उठाव मोडला गेला आणि केट फासावर गेला. त्या माळावर लोक गुरे-मेंढरे चारीत, जळण तोडीत. त्यामुळेच तो माळ होता. चराई संपली तसा त्यावर बर्च व ओक यांचा दाट झाडोरा उठला, आणि आज उरलेसुरले माळरान जपण्यासाठी तो झाडोरा श्रमाने तोडावा लागतो. गरिबांची गुरे जे काम उदरनिर्वाहाच्या ओघात करीत होती, ते आता सुशिक्षित स्वयंसेवक रविवारी करवती घेऊन करतात. यात विनोद आहे, आणि अन्यायाची एक जुनी खूणही आहे.

ही खूण आपल्याकडे अधिक ताजी आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईस बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून दिसून आले ते असे की, म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत माजले आणि पाणपक्ष्यांना लागणारे उघडे पाणी आक्रसले. ज्यांना निसर्गाचे शत्रू म्हणून बाहेर काढले, त्यांचीच जनावरे नकळत राखण करीत होती. म्हणून राखीव भूमीस कुंपण घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे हे राखणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय: ही भूमी आजवर अशी राहिली ती कोणाच्या श्रमाने?

तिसरी गोष्ट कुंपणाच्या मर्यादेची. कुंपण मनुष्यास अडविते, पाण्यास अडवीत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांचे सांडपाणी व शेतांतील खते नद्यांतून ब्रॉड्समध्ये उतरली. पाणी शेवाळाने गढूळ झाले आणि तळाशी वाढणाऱ्या वनस्पती प्रकाशावाचून मेल्या. राखीव म्हणून घोषित केलेली तळीही यातून सुटली नाहीत. १९८२ मध्ये कॉकशूट नावाचे एक छोटे तळे बांध घालून नदीपासून तोडले गेले व त्यातील गाळ पंपाने उपसला गेला, तेव्हा त्याचे पाणी पुन्हा निवळले. प्रयोग शिकविणारा होता, पण प्रत्येक तळे नदीपासून तोडता येत नाही. शेवटी नदीच स्वच्छ केली पाहिजे, आणि नदी स्वच्छ करणे म्हणजे आपली न्हाणीघरे, आपली शेते, आपले कारखाने यांची रीत बदलणे. राखीव रान आपणांस निसर्गाच्या कर्जातून मुक्त करीत नाही. वहीत एका पानावर जमा मांडली म्हणून उरलेल्या पानांवरील खर्च पुसला जात नाही.

आणि शेवटची गोष्ट समुद्राची. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राने पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर चढाई केली. इंग्लंडात ३०७ माणसे दगावली, त्यांतील १०० नॉरफोकमधील होती. त्या रात्री क्लेची दलदलही खाऱ्या पाण्याखाली गेली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा गेली. क्लेच्या पुढ्यात गोट्यांचा जो लांबच लांब उंचवटा आहे, तो पूर्वी दरसाल यंत्रांनी रचून उंच केला जात असे. या शतकाच्या आरंभी ती रीत सोडून देण्यात आली. समुद्राची पातळी वाढत आहे, आणि हट्टाने उभारलेली भिंत अधिक जोराने कोसळते, हे तेथील जाणत्यांनी ओळखले आहे. आज ना उद्या क्लेचे गोडे पाणी खारे होईल. बोरूची बने जातील, खाजणवनस्पती येतील, बिटर्न जाईल आणि दुसरे पक्षी येतील. म्हणून किनाऱ्यापासून आत, सुरक्षित जागी, नव्या पाणथळी तयार करण्याचे काम इंग्लंडात चालले आहे.

मग ‘कायमची’ या शब्दाचे काय झाले? डॉक्टर लाँग यांचा संकल्प मोडला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी एका चित्रास शाश्वत करण्याचे वचन दिले नव्हते, तर एका भूमीचा विनियोग बदलणार नाही एवढे वचन दिले होते. समुद्र आला तरी ती भूमी जीवांचीच राहील. जीव फक्त दुसरे असतील. मालकास नुकसान दिसते तेथे राखणाऱ्यास पालट दिसतो. मात्र हा पालट पाहून “जे होते ते होऊ द्यावे” असे म्हणण्याचा अधिकार ज्याने आयुष्यभर विळा चालविला त्यास जितका शोभतो, तितका तो दुरून पाहणाऱ्यास शोभत नाही. समुद्राची पातळी ज्या धुराने वाढत आहे तो आपणही सोडीत आहोत. म्हणून त्यागाचे तत्त्वज्ञान सांगून आळसाचे समर्थन कोणी करू नये.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. जीवसृष्टीपासून दूर राहणे हे कर्तव्य त्या काळी पुरेसे होते, ज्या काळी मनुष्य थोडा होता व पृथ्वी मोठी होती. आता दूर राहावे अशी जागाच उरली नाही. आपला हात आपल्या नकळत सर्वत्र पोहोचला आहे. त्या हाताने काय करावयाचे एवढेच ठरविणे आपल्या स्वाधीन आहे. पीट खोदणाऱ्या मजुरांनी नकळत तळी दिली. कोयपू आणणाऱ्यांनी नकळत अनर्थ केला. नकळत घडलेल्या पुण्यपापाचे दिवस सरले. जाणून राखावे, राखताना श्रम करावेत, श्रमात दोष घडला तर तो मान्य करावा, आणि वेळ येताच हातचे सोडून द्यावे, एवढेच राखणाऱ्याच्या हाती आहे. या वसंतातही हिकलिंगच्या बोरूत पहाटेच्या धुक्यात तो हुंकार उठेल. ज्यांनी बोरू कापला, चर खणले, त्यांतील कित्येकांना तो पक्षी एकदाही दिसलेला नसेल. त्यांनी ऐकले आहे. आणि राखणाऱ्यास तेवढे पुरते.